एकाच चॅनेलच्या सीआरओवर दोन सिग्नल एकत्र कसे बघायचे?

म्हणजे तुमच्याकडे एका चॅनेलचा, म्हणजे एका वेळी एकच सिग्नल दाखवणारा जुना सीआरओ (सिग्नलची लहर पडद्यावर काढणारं उपकरण) आहे आणि आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) फिल्टरचं इनपुट-आउटपुट एकाखाली एक बघायचंय. होईल की: एक स्विच दोन्ही सिग्नल आळीपाळीने, वेगाने सीआरओला देतो आणि डोळ्याला दोन्ही एकत्र दिसतात. पण आयसी आणायला धावण्याआधी एक्स्टर्नल ट्रिगरचं (रेघ कधी सुरू करायची तो इशारा बाहेरून द्यायचं) सॉकेट चालतंय का ते बघा, सगळी गोम तिथेच आहे.

मी पहिल्यांदा हे सर्किट जमवलं तेव्हा ट्रिगर इंटर्नलवरच, म्हणजे सीआरओला दिलेल्या सिग्नलवरच राहिला होता. साइन वेव्हच्या जागी दोन धुरकट पट्टे! आयसी उडाला समजून मी दोनदा बदलला. खरं तर सीआरओ माझा सिग्नल सोडून स्विचिंगच्या स्क्वेअर वेव्हवर ट्रिगर होत होता. फंक्शन जनरेटरची एक वायर एक्स्टर्नलला दिली आणि चित्र जागच्या जागी थांबलं.

सर्किट साधं आहे. दोन्ही सिग्नल टीएल०७२ या आयसीतल्या एकेका ऑपअँपमधून (अँप्लिफायरमधून) घ्या आणि तिथेच पॉटने (फिरवायच्या रेझिस्टरने) थोडं डीसी व्होल्टेज मिसळा, म्हणजे एक रेघ वर, एक खाली बसते. पुढे सीडी४०५३, हाच तो स्विचचा आयसी. याच्या १२ आणि १३ नंबरच्या पिनांना दोन सिग्नल, १४ मधून सीआरओला. ११ वर ५० किलोहर्ट्झचा स्क्वेअर वेव्ह. ५५५ (टायमर आयसी) शंभर किलोहर्ट्झवर चालवून ४०१३ ने (फ्लिप-फ्लॉप आयसीने) निम्मा केलात तर दोघांना सारखा वेळ मिळतो. १६ ला +५, ७ ला −५ व्होल्ट, ६ आणि ८ ग्राउंडला.

फिल्टरला १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर घेतलात तर १.५९ किलोहर्ट्झला आउटपुट ४५ अंश मागे पडतं. १०० मायक्रोसेकंदाच्या डिव्हिजनवर ते पाऊण घरापेक्षा जरा जास्त सरकलेलं दिसेल. रेघा तुटक दिसल्या तर ५५५ चा प्रीसेट (छोटा पॉट) किंचित फिरवा, भरून येतात.

सिग्नल २० किलोहर्ट्झच्या वर गेला की हे चॉपिंग (असं वेगाने आळीपाळीने बदलणं) निरुपयोगी. मग स्विच दर स्वीपला (रेघेच्या पडद्यावरच्या प्रत्येक फेरीला) एकदा बदलावा लागतो. तिथे इंटर्नल ट्रिगर जास्त घातक, कारण दोन्ही लहरी एकाच बिंदूपासून सुरू होतात, फेजमधला फरक (एक लहर दुसरीच्या किती मागे आहे तो) गायब होतो आणि चित्र मात्र सुरेख दिसतं.

फक्त फेजच मोजायचा असेल तर सोल्डरिंगची गरजच नाही. ट्रिगर फिल्टरच्या इनपुटवरून एक्स्टर्नल ठेवा, आधी इनपुट बघून पडद्यावर मार्करने खूण करा, मग प्रोब आउटपुटला लावा. मध्ये टाइमबेस (रेघेचा आडवा वेग) आणि ट्रिगर लेव्हलच्या नॉबला हात लावू नका.