माशांच्या टाकीचं झाकण आणि छत्तीस टक्के

वाचकाचं पत्र थोडक्यात असं. घरात 120 बाय 45 बाय 45 सेंटिमीटरची, वरून उघडी, बिनफ्रेमची टाकी आहे. दोन किलीफिश आणि एक हॅचेटफिश उडी मारून बाहेर पडले आणि सकाळी फरशीवर वाळलेले सापडले. म्हणून आता झाकण हवंय. जाळीची चौकट करावी, काच कापून आणावी, की दुकानदार म्हणतोय तो दिव्यासकट तयार सेट घ्यावा? सेट सहा ‘बिनव्याजी’ हप्त्यांत मिळतोय, वर तीन वर्षांची वाढीव वॉरंटी. रकमा छापू नका अशी विनंती आहे, म्हणून हातात येणारा महिन्याचा पगार 100 धरतो आणि सगळे आकडे त्याच मापात देतो. जाळी 2, काच 3, सेट 24.

झाकणाचं आधी मिटवू, ते सोपं आहे. जाळीने मासा आत राहतो, पाणी मात्र उडतच राहतं. तुमच्या टाकीचा उघडा पृष्ठभाग साधारण अर्धा चौरस मीटर. पातळी रोज अर्धा सेंटिमीटर उतरते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे रोजचं अडीच लिटरपेक्षा जास्त पाणी. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जवळपास पाऊण युनिटाइतकी ऊर्जा लागते. त्यातली काही खोलीतल्या हवेतून येते, उरलेली तुमचा हीटर पुरवतो. झाकणाने रोजचं एक युनिट वाचेल असं धरू. तुमच्या वीजदराने ती महिन्याला 0.5 इतकी बचत. शिवाय वाफ होते ती फक्त पाण्याची, क्षार टाकीतच राहतात. रोज नळाचं पाणी ओतून तुम्ही टाकीतलं पाणी हळूहळू जड करत आहात, तेही कमी होईल.

तेव्हा काच घ्या. 5 मिलिमीटर जाडीची, दोन तुकड्यांत, कडा घासून घेतलेली. प्रत्येक तुकडा तीनेक किलोचा होईल, एका हाताने उचलता येतो. मागच्या बाजूला नळी आणि वायरींसाठी पट्टी सोडावी लागेल. ती पोकळ पॉलीकार्बोनेटच्या पत्र्याची करा, कात्रीने किंवा कटरने हवी तशी कापता येते. तिथे अंगठ्याएवढं भोक राहिलं तरी किलीफिश नेमकं तेच शोधतो. ॲक्रिलिकची सपाट शीट स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. खालून ओल आणि वरून कोरडी हवा लागली की ती वाकते. पाण्याची पातळी पाच-सहा सेंटिमीटर खाली ठेवा, ते तर फुकट आहे. उन्हाळ्यात टाकी तापू लागली तर एक काच सरकवून त्या जागी जाळी टाका.

सेटबद्दल. रोख किंमत 21, हप्त्यांत 24, असं तुम्हीच लिहिलंय आणि पुढच्याच ओळीत ‘बिनव्याजी’ही लिहिलंय. 21 ची वस्तू 4 च्या सहा हप्त्यांत घेतली तर व्याज महिन्याला 4 टक्के पडतं. झाकण ‘विजेतून स्वतःचे पैसे वसूल करतं’ हे दुकानदाराचं म्हणणं काचेच्या बाबतीत खरं आहे, सहा महिन्यांत. सेटला त्याच बचतीवर चार वर्षं लागतील आणि वॉरंटी तीन वर्षांत संपेल. वॉरंटीच्या अटींचं पान तुम्ही जोडलंत ते बरं झालं. पाणी शिरून झालेला बिघाड त्यात बसत नाही. पाण्याच्या टाकीवर बसवायच्या दिव्याला ही अट लावणाऱ्याच्या हिमतीला दाद द्यावीशी वाटते.

आता पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य. ‘टाकी कार्डावर घेतली आहे, पण किमान रक्कम वेळेवर भरतो, त्यामुळे तसा ताण नाही.’ आणि त्याआधी कुठेतरी, जाता जाता: मेहुण्यांकडून एक बचतीची विमा पॉलिसी घेतली आहे, वर्षाचा हप्ता 100, पहिला भरला, दुसरा दोन महिन्यांनी.

झाकण कोणतंही घेतलंत तरी तुमचे पैसे गळताहेत ते या दोन जागी.

कार्डावर 150 थकीत आहेत, व्याज महिन्याला 3 टक्के, वर्षाला छत्तीस. म्हणजे दर महिन्याला 4.5 नुसतं व्याज. किमान रक्कम 5 टक्के, म्हणजे 7.5. मुद्दलातून गेले 3. पुढच्या महिन्यात थकबाकी थोडी कमी, म्हणून किमान रक्कमही थोडी कमी, आणि मुद्दल आणखी सावकाश उतरतं. या गतीने पावणेतीन वर्षांनीही निम्मी टाकी तुमच्या मालकीची झालेली नसेल. तेही माशांचं खाद्य आणि फिल्टरचं सामान त्याच कार्डावर घेणं आजपासून बंद केलंत तर. बँकेला वेळेवर किमान रक्कम भरणारा ग्राहक फार आवडतो. ताण नाही तो बँकेला.

दुसरीकडे पॉलिसी. 12 वर्षं 100 भरायचे, विसाव्या वर्षाअखेर 2000 मिळणार. ‘जवळपास दुप्पट’ असं मेहुणे म्हणाले. 1200 चे 2000 ही दुप्पट नव्हे, आणि काळ धरला तर परतावा वर्षाला साडेतीन टक्के पडतो. साडेतीन टक्क्यांनी ठेवायचे आणि छत्तीस टक्क्यांनी उसने घ्यायचे, हे तुम्ही एकाच पगारातून करत आहात. ‘पण पहिला हप्ता बुडेल’ ही तुमची भीती खरी आहे, त्यातलं फार थोडं परत मिळेल. तो विसरून फक्त पुढचे अकरा हप्ते पाहिले तरी परतावा सव्वाचार टक्क्यांच्या आसपासच येतो. 100 वाचवायला 1100 घालू नका.

याहून वाईट गोष्ट म्हणजे यातला विमा. तुम्ही गेलात तर घरी 1000 मिळणार, म्हणजे दहा महिन्यांचा पगार. घरात दोन लहान मुलं आहेत आणि कमावणारे तुम्ही एकटे. निदान दहा वर्षांच्या पगाराइतका, 12000 चा, निव्वळ मुदतीचा विमा घ्या, म्हणजे ज्यात बचत नसते, मुदतीत तुम्ही गेलात तरच पैसे मिळतात असा. वय आणि तब्येत ठीक असेल तर तो आताच्या हप्त्याच्या लहानशा भागात बसतो. मी हिशेबासाठी वर्षाला 28 धरतो, बहुधा कमीच लागतील. क्रम चुकवू नका: आधी नवा विमा मंजूर होऊन कागद हातात, मग जुना हप्ता बंद. तब्येतीबद्दल अर्जात काही लपवू नका, नाहीतर दावा अडकतो.

उरले 72, महिन्याचे 6. ते कार्डात. सेटसाठी तुम्ही महिना 4 काढणारच होतात, तेही कार्डात. आधीचे 7.5 तसेच चालू ठेवा, किमान रक्कम घटली म्हणून घटवू नका. झाले 17.5. दहा महिन्यांत थकबाकी जवळपास शून्य, काचेचे 3 वजा करून फार तर अकरा.

किलीफिशची पिल्लं विकून महिन्याला 10 मिळतील आणि त्यातून कार्ड फिटेल, या योजनेला मी हिशेबात शून्य धरलंय. तुमच्या टाकीत घातलेली अंडी तुमचेच मासे खातील. अंडी वेचून वेगळी उबवायची, पिल्लांना आर्टेमिया (खाद्य म्हणून उबवतात ते खाऱ्या पाण्यातले इवलेसे जीव) घालायचा, वाढवायला निराळ्या टाक्या, त्यांना निराळे हीटर. विकत घेणारे कोण, हे पत्रात कुठेच नाही. हौस म्हणून जरूर करा, कार्ड फिटल्यावर.

मेहुण्यांना काय सांगू, असंही विचारलंय. दुसरा हप्ता भरणार नाही एवढं सांगा, कारण विचारलं तर कार्डाचं स्टेटमेंट दाखवा. आणि काच याच आठवड्यात, रोखीने.