विंचेस्टरभोवती पायी फिरू लागताना

इंग्लंडमधील विंचेस्टरहून निघणाऱ्या साउथ डाउन्स वे या लांब पायवाटेने चालायला सुरुवात करण्याचा विचार आपण कळवलात. ती वाट ईस्टबोर्नपर्यंत सुमारे १६० किलोमीटर जाते, तेव्हा तिचा मोह सध्या आवरावा. नवख्यांची पहिली चूक बहुधा हीच असते. त्याऐवजी कॅथीड्रलपासून निघून, विंचेस्टर कॉलेजच्या भिंतीला वळसा घालून, इचेन नदीकाठच्या कुरणांतून सेंट क्रॉसपर्यंत जावे. ही वाट जेमतेम दोन किलोमीटरची आणि सपाट आहे. खडूच्या खडकातून झिरपणाऱ्या पाण्यावर वाहणारी इचेन इतकी नितळ असते, की काठावर थोडे थांबल्यास लांब हिरव्या पाणवनस्पतींमध्ये प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी शेपटी हलवणारे ट्राउट मासे दिसतात. सेंट क्रॉसच्या मध्ययुगीन धर्मशाळेत वाटसरूने मागितल्यास पावाचा तुकडा आणि घोटभर बिअर देण्याची प्रथा आजही पाळली जाते. मागायला मुळीच संकोचू नये.

सुरुवातीला एवढे सांभाळावे:

- हिवाळ्यात कुरणांत पाणी साचते, म्हणून जलरोधक बूट हवेत. साधे कापडी बूट चिखलात निकामी होतात.
- वाट दाखवणाऱ्या खुणांपैकी पिवळा बाण केवळ पादचाऱ्यांच्या वाटेचा, तर निळा घोडेस्वार व सायकलस्वारांनाही खुल्या वाटेचा असतो.
- फाटक जसे सापडेल तसेच ठेवावे, आणि वासरे असलेल्या गायींपासून लांबून जावे.
- डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी जेवून निघणे म्हणजे उशीरच.

दम उरलाच तर परतताना सेंट कॅथरिन्स हिल या टेकडीच्या पायऱ्या चढाव्यात. नकाशावाचन आणि लांब पल्ल्याच्या वाटांचे नंतर पाहू.