फॅसिझम डावा की उजवा, आणि रझाकारांचं काय?

लातूरच्या मित्रा, तुझे प्रश्न दोन. इटलीत फॅसिझम उभा करणारा हुकूमशहा मुसोलिनी मूळचा समाजवादी, मग फॅसिझम डावा का नाही? आणि आपल्याकडची जुनी माणसं हैदराबादच्या निजामासाठी लढणाऱ्या रझाकारांना फॅसिस्ट म्हणतात, ते बरोबर का?

माझ्या मते फॅसिझम उजव्या टोकाचाच. मुसोलिनी समाजवादी पक्षाच्या ‘अवान्ती’ दैनिकाचा संपादक होता, हे खरं. पण इटलीनं महायुद्धात उतरावं म्हणू लागल्यावर पक्षानं १९१४ मध्ये त्याला हाकललं. १९१९ च्या त्याच्या कार्यक्रमात कामाचे आठ तास, बायकांना मताधिकार असं बरंच सापडतं. लोक नेमके तेवढंच वाचून थांबतात. पुढची दोन वर्षं बघ. उत्तर इटलीत पो नदीच्या खोऱ्यात शेतमजुरांच्या संघटना इतक्या भक्कम होत्या की मजूर कोण लावायचे हे जमीनमालकाला एकट्यानं ठरवता येत नसे. तिथं मुसोलिनीच्या काळे सदरे घातलेल्या टोळ्या ट्रकमधून यायच्या, संघटनेची कचेरी पेटवायच्या, पुढाऱ्याला धरून बळजबरीनं एरंडेल पाजायच्या. पैसा पुरवायचे मोठे जमीनदार. १९२२ मध्ये राजानंच मुसोलिनीला पंतप्रधान केलं. १९२३ मध्ये आयुर्विम्याची सरकारी मक्तेदारी गेली, १९२६ मध्ये संपावर बंदी आली. जर्मनीतही २ मे १९३३ ला नाझींनी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या.

‘सरकारचा हात सगळीकडे, म्हणून डावा’ हा युक्तिवाद मला पटत नाही. हुकूम सरकारचा, पण कारखाना आणि नफा बहुतेक मालकाचाच राहिला. (ज्यू मालकांचं मात्र सगळं हिसकावलं.) क्रौर्यावरूनही बाजू ठरत नाही, डावा स्टालिनही क्रूरच होता. माणसं समान आहेत हे मानायचं की नाही, खरा वाद तिथं आहे. फॅसिझमनं ते उघड नाकारलं.

आता रझाकार. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचाच वकील. गणवेशातल्या सशस्त्र टोळ्या, गावांची जाळपोळ, हैदराबादच्या भारतातल्या विलीनीकरणाच्या बाजूनं लिहिणाऱ्या शोएबुल्ला खान या संपादकाचा ऑगस्ट १९४८ मधला खून: पद्धत तीच. ज्यांनी हे भोगलं त्यांच्या तोंडी तो शब्द आला तर मी कधीच हरकत घेणार नाही. मात्र मुसोलिनीला सत्ता बळकावून नवं राज्य उभं करायचं होतं, तर रझाकार निजामाची जुनी गादी टिकवायला लढत होते. म्हणून परीक्षेत ‘फॅसिस्ट वळणाची निमलष्करी संघटना’ असं लिही, आणि पुढच्याच वाक्यात हा फरकही मांड.