तीन वर्षं कुणाकडूनच नाही

प्रिय,

परवा बालेवाडीहून परतताना टपरीवर तू विचारलंस, "सर, परदेशातले ते हँडबॉल क्लबवाले म्हणतायत तिकडचा पासपोर्टही करून देतील. मग त्यांच्याच देशाकडून खेळायचं. हो म्हणू का?" मी गप्प बसलो. सरांना राग आला असं तुला वाटलं असेल. राग नव्हता. मागे हिंजवडीच्या बसचा हॉर्न, पुढे चहावाल्याची सुट्ट्या पैशांवरून कटकट, त्यात या प्रश्नाला काय उत्तर देणार! म्हणून लिहितोय.

आधी एक ओझं खाली ठेव. देश विकला, पैशाला भुलला, असं घरात कुणीतरी म्हणणारच. तुझे काका तर नक्की. ते मनाला लावून घेऊ नकोस. आपल्या खेळात जर्सी बदललेली माणसं पुष्कळ आहेत आणि त्यातली काही फार मोठी आहेत. तलांत दुइशेबायेव किर्गिझस्तानातला, आजच्या बिश्केकचा. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तो फुटलेल्या सोव्हिएत संघराज्याच्या एकत्रित संघाकडून खेळला, स्पर्धेत सर्वाधिक ४७ गोल केले, सुवर्ण जिंकलं. पुढच्याच वर्षी रशियाकडून विश्वविजेता. मग स्पेनचा झाला आणि १९९६ व २००० मध्ये स्पेनसाठी ऑलिंपिक ब्राँझ. त्याची दोन्ही मुलं, अलेक्स आणि दानी, पुढे स्पेनकडूनच खेळली. आणि आंद्रेई लावरोव तर गंमतच आहे. या गोलकीपरनं १९८८, १९९२ आणि २००० अशी तीन सुवर्णपदकं तीन वेगळ्या नावांच्या संघांकडून जिंकली, पण तो स्वतः कुठे गेलाच नव्हता. तो गोलमध्ये उभा राहिला आणि मागे देशाचं नाव बदलत गेलं.

तुझं तसं नाही. तुझा देश जागेवर आहे, जाणार तू आहेस. म्हणून तुझ्यासाठी आर्पाद स्टर्बिकचं उदाहरण जास्त जवळचं. आजच्या सर्बियातल्या सेंटा या गावात जन्मलेला हंगेरियन घरातला मुलगा, आधी युगोस्लाव्हियाचा गोलकीपर. २००५ मध्ये जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्यानंतर स्पेनचं नागरिकत्व. २०१३ ची विश्वस्पर्धा स्पेननं घरच्या मैदानावर जिंकली, अंतिम सामन्यात डेन्मार्कला ३५-१९ असं चिरडून, तेव्हा गोलमध्ये तो होता. २०१८ च्या युरोपीय स्पर्धेत पहिला गोलकीपर जखमी झाला तेव्हा अडतीस वर्षांच्या या माणसाला उपांत्य फेरीसाठी बोलावून घेतलं, आणि स्पेननं सुवर्ण नेलं. क्रम नीट बघ. आधी सर्वोत्तम, मग नागरिकत्व.

तुझा एजंट कतारचं नाव घेत असेल. २०१५ ची विश्वस्पर्धा दोहात झाली, कतार थेट अंतिम फेरीत गेला. युरोपाबाहेरचा कुठलाच संघ तोवर तिथपर्यंत पोचला नव्हता. त्या संघात क्यूबाचा राफाएल कपोते होता, माँटेनेग्रोचा झार्को मार्कोविच होता, आणि बर्ट्रांड रोइने होता, जो २०११ मध्ये फ्रान्सकडून विश्वविजेता झाला होता. अंतिम सामना कुणाशी? फ्रान्सशी. २५-२२ नं फ्रान्स जिंकलं. रोइने त्या रात्री कसा झोपला असेल, हे मी कधी कुणाला विचारू शकलो नाही, पण विचारायची फार इच्छा आहे. मुद्दा असा की ही सगळी माणसं तयार होती. कपोते २००७ मध्ये रिओत क्यूबाच्या पथकातून निघून गेला, पुढे युरोपात घासला गेला, आणि मग कुठे कतार. एकवीस वर्षांच्या, युरोपात एकही मोसम न काढलेल्या मुलाला पासपोर्टचं गाजर दाखवतात ते वेगळ्या कारणासाठी. स्वस्तात लांबचा करार हवा असतो.

तू त्यांना का हवास हे मला ठाऊक आहे. तू डावखुरा आहेस. उजव्या बॅकच्या, म्हणजे हल्ल्यातल्या उजव्या बाजूच्या जागेवरून डावा हात आला की गोल उघडा पडतो, आणि असे हात कुठल्याही देशात कमीच. ही तुझी खरी किंमत, आणि ती कुठलाही पासपोर्ट घेतलास तरी तीच राहणार.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसलो ती. आपल्या खेळाला तीन हा आकडा फार प्रिय. चेंडू हातात असताना तीन पावलं, तीन सेकंद. आणि देश बदलायचा तर तीन वर्षं. एका देशाकडून अधिकृत सामना खेळलास की दुसऱ्याकडून उतरण्याआधी तीन वर्षं तू कुठल्याच राष्ट्रीय संघाकडून खेळलेला नसला पाहिजेस. गेल्या वर्षी तू भारताची निळी जर्सी घालून उतरलास, तेव्हापासून घड्याळ लागलंय. एजंट हे 'फॉर्मॅलिटी' म्हणून एका वाक्यात उरकतो. त्या काळात इकडे शिबिराला बोलावणं नाही, तिकडे संघात जागा नाही. विश्वस्पर्धा तर दर दोन वर्षांनी येते. एखादी तरी टीव्हीवरच बघशील.

हे मला कसं कळलं ते सांगतो. मी महाराष्ट्राकडून खेळत होतो, मग फौजेत गेलो आणि सेनादलाकडून खेळायचं ठरलं. ना-हरकत दाखल्यासाठी अर्ज केला. तो कागद कुठल्या टेबलावर अडकला ते आता उकरून काढत नाही, पण अख्खा मोसम गेला. राष्ट्रीय स्पर्धेला मी प्रेक्षागृहात बसलो होतो, बूट पिशवीत. एका बाजूला महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूला सेनादल, आणि मी वडापाव खात मधल्या पायरीवर. दोन्ही संघांतली पोरं हात हलवून गेली. तेवीस वर्षांचा होतो. त्या एका वर्षात गुडघा बिघडला नाही, पण उडी गेली. सरावाला कारण लागतं रे. शनिवारी सामना नसेल तर गुरुवारी पळवत नाही.

पुढच्या वर्षी महाराष्ट्राविरुद्धच उतरलो. पहिला गोल केला आणि सवयीनं माझ्या जुन्या सरांच्या बाकाकडे बघितलं. ते वहीत काहीतरी लिहीत होते. सामना संपल्यावर मी पाया पडायला गेलो तर म्हणाले, "जंपला अजून डावीकडे झुकतोस." बस, एवढंच. त्या वाक्यावर मी पुढची सहा वर्षं काढली. तुझ्यासाठी पण कुणीतरी असा बाक धरून ठेवलेला असू दे.

मी एक वर्ष गमावलं. तू तीन गमावायला निघालायस, तेही ऐन विशीत.

शिवाय आपला कायदा. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. तू स्वतःहून दुसऱ्या देशाचा झालास की इथलं नागरिकत्व संपतं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना देतात ते ओसीआय कार्ड मिळेल, पण त्यावर मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. शिरूरची तुमची दोन एकर वारसानं आली तर ठेवता येईल, शेजारचा तुकडा घ्यायचं वडिलांचं स्वप्न मात्र विसर. राज्यातल्या सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षणही गेलं. आणि परत यायचं ठरवलंस तर? मिन्स्कचा सियार्हेई रुतेन्का स्लोव्हेनियाकडून खेळला, मग स्पेनकडून, आणि शेवटी पुन्हा बेलारूसकडून. आपल्याकडे तशी ये-जा जमत नाही. भारताकडून खेळायला भारताचाच पासपोर्ट लागतो. बालेवाडीच्याच स्टेडियमवर पुणे एफसीकडून फुटबॉल खेळणारा अराता इझुमी तुला आठवणार नाही, तू लहान होतास. जपानमध्ये जन्मलेला, वडील भारतीय. त्यानं जपानी पासपोर्ट सोडला, २०१२ मध्ये भारतीय झाला, २०१३ मध्ये भारताकडून उतरला. तोवर त्यानं तिशी गाठली होती.

मग जाऊच नकोस म्हणतोय का? अजिबात नाही. जा. इथे आपण उन्हात, मातीच्या मैदानावर खेळतो, चेंडूला राळ लावली तर धूळच चिकटते. तिकडे हॉलमध्ये राळ लावलेला चेंडू बोटांना चिकटून बसतो आणि मनगटाचं सगळं गणित बदलतं. ते शिकायला पहिले सहा महिने जातील, त्यासाठी जा. पगार क्लब देतो, राष्ट्रीय संघ नाही. जर्सी आणि पगार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एजंट त्या मुद्दाम एका पिशवीत घालून दाखवतो.

जाता जाता एक. क्रिकेटवाल्या मित्रांना 'कोल्पाक' हा शब्द माहीत असतो, ज्या नियमानं दक्षिण आफ्रिकेचे खेळाडू इंग्लंडच्या काउंटीत गेले त्याचं नाव. मारोश कोल्पाक क्रिकेटपटू नव्हता, आपला माणूस होता. स्लोव्हाकियाचा हँडबॉल गोलकीपर, जर्मनीतल्या क्लबात. त्याला परदेशी खेळाडूंच्या कोट्यात मोजायचं की नाही यावरून तो युरोपीय न्यायालयापर्यंत गेला आणि २००३ मध्ये जिंकला. त्यानं देश बदलला नाही, कागद नीट वाचला.

तर तुझा करार मला बघायचाय. रविवारी सकाळी सहाला मैदानावर ये, सरावानंतर बसू. मूळ प्रत आणू नकोस, झेरॉक्स आण. आणि नागरिकत्वाचं कलम ज्या पानावर आहे त्याची दोन प्रतींत, एक मी शिवाजीनगर कोर्टातल्या माझ्या वहिनीला दाखवणार आहे. तोवर एजंटला काही कळवू नकोस. फोन आला तर सांग, सर गावाला गेलेत.

तुझा,
सर

ता. क. जंपला डावा गुडघा अजून वर येत नाहीये. दोरी आण.