पुराच्या दिवसात कुणाला फॉलो करायचं?

प्रश्न : पावसाळा आला की व्हॉट्सॲपवर नुसत्या अफवा, खरं सांगणारं अकाउंट कुठलं ओ? (वाचक, सांगलीवाडी)

उत्तर : आधी सांगली जिल्हा माहिती कार्यालयाला फॉलो करा, तिथं सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी फुटात येते आणि कोयना धरणातनं किती क्युसेक (म्हणजे सेकंदाला किती घनफूट) पाणी सोडलंय तेपण, नदीकाठच्या माणसाला हेच तर पाहिजे असतं, ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, २०१९ ला तर ५७ च्या वर गेलेलं! पावसासाठी हवामान खात्याच्या मुंबई केंद्राचं अकाउंट, अंदाज जिल्हावार असतो. मला ही दोन्ही मनापासून आवडतात कारण भडक म्युझिक नाही, घाबरवणं नाही, सरळ आकडा. फक्त पोस्टची वेळ बघत जा, सकाळचा आकडा दुपारी कुणाला फॉरवर्ड करू नका.