प्रीइन्स्ट स्क्रिप्ट काढून टाकावी का?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या संगणकावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आहे. हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर काढून त्याच कंपनीचं नवं डेब पॅकेज घालायला गेलो, तर ‘प्री-इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट’ फसली, ‘एक्झिट स्टेटस 9’ असा संदेश येतो. ओळखीचा मुलगा म्हणतो, पॅकेजमधून ती स्क्रिप्टच काढून टाकू. काढावी का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : काढू नका. प्रीइन्स्ट, म्हणजे तुमची ती प्री-इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट, चालते ती पॅकेजमधल्या फायली उलगडण्याच्या आधी. ती फसली की डीपीकेजी, म्हणजे डेबियनवर पॅकेजं बसवणारा प्रोग्राम, तिथेच थांबतो, त्यामुळे नव्या सॉफ्टवेअरची एकही फाइल अजून डिस्कवर उतरलेली नाही.

आता तो 9. अशा स्क्रिप्टच्या सुरुवातीला बहुधा ‘सेट -ई’ ही सूचना असते; तिच्यामुळे आतली एखादी कमांड फसली की स्क्रिप्ट त्याच कमांडचा आकडा घेऊन बाहेर पडते. यूझरॲड किंवा ग्रुपॲड (संगणकावर नवा यूझर किंवा गट बनवणाऱ्या कमांड) 9 देतात तेव्हा त्याचा अर्थ, हे नाव आधीच वापरात आहे. डेबियनवर पॅकेज काढलं तरी त्याने बनवलेला यूझर पुष्कळदा मागे राहतो. नवी स्क्रिप्ट तोच पुन्हा बनवायला गेली असणार, असा माझा अंदाज.

खात्री करून घ्या. ‘डीपीकेजी-डेब’ या कमांडला ‘-आय’ (कॅपिटल), डेब फाइलचं नाव आणि शेवटी ‘प्रीइन्स्ट’ दिलंत की स्क्रिप्ट न चालता नुसती पडद्यावर येते. बाहेरून आलेलं प्रत्येक डेब मी असं आधी वाचतो, कारण ही स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे संगणकावरच्या सर्वोच्च, अधिकाराने चालते. यूझरॲडची ओळ सापडली तर ‘आयडी’ लिहून पुढे ते नाव द्या. यूझर असेल तर लगेच कळेल.

तो सापडला तरी उडवू नका! जुन्या हिशेबाच्या फायली त्याच्याच मालकीच्या असतील. लिनक्स फाइलपाशी मालकाचं नाव नव्हे, क्रमांक नोंदवतं. नव्याने बनवलेल्या यूझरला दुसरा क्रमांक मिळाला, तर सॉफ्टवेअरला स्वतःचाच जुना डेटा उघडता येणार नाही.

स्क्रिप्ट काढली तर तिच्यातली बाकीची कामंही बुडतात. जुनी सर्व्हिस थांबवणं, तपासण्या करणं. डेबियनच्या लिबसी6 या पायाभूत पॅकेजची प्रीइन्स्ट कर्नल (लिनक्सचा गाभा) फार जुना असेल तर चक्क नकार देते, आणि तो नकार मशीन वाचवतो.

‘यूझर नसेल तरच बनव’ एवढी अट तिथे हवी होती. ती कंपनीनेच घालायला हवी. संदेश आणि ती ओळ त्यांना पाठवा. काम अगदीच अडलं असेल तर आधी डेटाचा बॅकअप घ्या. मग ‘डीपीकेजी-डेब’च्या ‘-आर’ने (कॅपिटल) पॅकेज एका फोल्डरमध्ये उलगडा, आतल्या ‘डेबियन’ फोल्डरमधल्या प्रीइन्स्टमध्ये ती अट घाला आणि ‘-बी’ देऊन पॅकेज पुन्हा बांधा.