ऑटोनॉमिक घोकण्याआधी

अरे, ऑटोनॉमिकचा, म्हणजे शरीराची आपोआप चालणारी कामं सांभाळणाऱ्या मज्जासंस्थेचा, आख्खा तक्ता पाठ करत बसू नकोस. आधी उगम पक्के कर: सिंपथेटिक (ताणात शरीराला सज्ज करणारा भाग) मज्जारज्जूच्या टी१ ते एल२ खंडांतून, पॅरासिंपथेटिक (शांत करणारा भाग) ३, ७, ९, १० या क्रेनियल नर्व्ह (मेंदूतून निघणाऱ्या नसा) आणि मज्जारज्जूचे एस२ ते एस४ खंड यांतून.

मग व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) दाराशी उभा राहशील तेव्हा स्वतःकडेच बघ. तोंड कोरडं, छातीत धडधड, तळहात ओले. सगळी सिंपथेटिकची करणी. पण घामाच्या ग्रंथीपाशी सिंपथेटिकचं नेहमीचं रसायन नॉरअ‍ॅड्रेनलिन नाही, अ‍ॅसिटिलकोलीन सुटतं. परीक्षक हमखास इथेच धरतात. मीही तिथेच आपटलो होतो. अ‍ॅड्रीनल मेड्युलाही (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा गाभा) तसाच आडमुठा: प्रीगँग्लियॉनिक (चेतापेशींच्या गाठीआधीचे) तंतू मधली गाठ न घेता थेट त्याच्या पेशींवर येतात.

आणि डिसेक्शनला मागे उभा राहू नकोस. मानेत व्हेगस (दहावी क्रेनियल नर्व्ह) कॅरोटिड शीथच्या (मोठ्या रक्तवाहिन्यांभोवतीच्या आवरणाच्या) आत सापडते, सिंपथेटिक ट्रंक (सिंपथेटिकच्या गाठींची साखळी) शीथच्या मागे. दोन्ही चिमट्याने उचलून बघ.